रुसकी देवी लिहायचीय? हलक्याफुलक्या फँटसीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी कोल्हापुरी गाईड

हलकीफुलकी फँटसी लिहायला घेतली की निम्म्या नवीन लोकांना त्यात एक देवी पाहिजेच असते. सीरियलमधली मंद हसत हात वर करून उभी राहिलेली नाही, तर भांडणारी, उधारी ठेवणारी, स्वतःला लई भारी समजणारी आणि ऐन टायमाला तोंडावर पडणारी. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघून ही हौस लागलीय हे दिसतंच, लागू दे की, त्यात काय. फक्त होतं काय की तिकडची देवी उचलून इकडं ठेवली की ती गुत्त्यात बसून दारूचे मग रिकामे करते, कुठल्यातरी गिल्डमध्ये, म्हणजे साहसी मंडळींच्या संघात, नाव नोंदवते आणि शुद्ध मराठीत बोलत असूनही डब केल्यासारखी वाटते. वाचणारा दोन भाग वाचतो आणि गपचूप सोडून देतो.

आता कोल्हापुरात राहून, किंवा निदान शनिवार-रविवारी मिसळ खायला इथं येऊन, ज्याला विनोदी देवी सुचत नाही त्यानं जरा आजूबाजूला बघावं. ह्या गावातल्या कथांत देव रुसतात, घर सोडून येतात, एकमेकांच्या भेटीला जातात. माल सगळा तयार आहे, कसा वापरायचा तेवढं सांगतो. माझं म्हणणं एकच आहे आणि ते पुढं सगळीकडं येत राहील: देवी खरी पाहिजे, तिची ताकद खरी पाहिजे, आणि हसू यायचं ते तिच्या मानपानातनं.

पहिली पायरी: अंबाबाईला हात लावायचा नाही, स्वतःची देवी काढा

हे भीतीपोटी सांगत नाही. अंबाबाई, जोतिबा, टेंबलाई, फिरंगाई ही सगळी मंडळी वाचणाऱ्याच्या घरातली आहेत, त्यांच्याबद्दल प्रत्येकाच्या डोक्यात आधीच एक चित्र आहे, तुम्ही काहीही लिहिलं तरी वाचणारा ते त्या चित्राशी ताडून बघणार आणि तुमचं कॅरेक्टर उभंच राहणार नाही. शिवाय वाद. अंबाबाई विष्णूची पत्नी लक्ष्मी की स्वतंत्र आदिशक्ती, ह्यावर कोल्हापुरात किती जुना वाद आहे माहिती असेल, त्यात आपल्या विनोदी गोष्टीनं उडी घ्यायचं काय कारण नाही.

म्हणून देवी नवी काढायची, छोटी, कुणी न ऐकलेली. नाव ठरवलं की आधी गूगलवर आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून खात्री करा, कारण आपल्या जिल्ह्यात कुठल्या माळावर कुठली ‘आई’ बसलीय ह्याचा पत्ता गूगललासुद्धा नसतो. तसं देऊळ निघालं तर नाव बदला, हट्ट नको.

ह्या लेखापुरती मी एक देवी बनवतो म्हणजे नुसतं हवेत बोलणं होणार नाही. तिचं नाव डबकाई. तिच्या मते तिचं नाव श्री सरोवरवासिनी आहे पण ते फक्त ती एकटीच वापरते.

दुसरी: खातं लहान द्या

नवीन लेखक पहिल्याच भागात देवीला विश्वाची निर्माती करतो. मग तिच्याकडं भाड्याला पैसे नाहीत हे कुणाला पटणार? खातं जेवढं बारकं तेवढी गंमत जास्त. उन्हाळ्यातल्या पहिल्या वळवाची देवी, देवळाबाहेर हरवलेल्या चपलांची देवी (हे कोल्हापुरात तर चालेलच), गुऱ्हाळाच्या धुराची देवी, रविवारी संध्याकाळी येणाऱ्या कंटाळ्याची देवी, काहीही.

डबकाईचं खातं म्हणजे एक तळं. आणि ते तळं आता नाही.

ही कल्पना मी कुठनं आणली तर गावातनंच. जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. जिथं आज कपिलतीर्थ मंडई आहे तिथं कपिलतीर्थ तळं होतं, गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, आणि अजूनही पाऊस जोराचा झाला की मैदानात पाणी साचल्याच्या बातम्या येतातच. पेठेपेठेत असली बुजलेली तळी आहेत. तर अशाच एका बुजवलेल्या तळ्याची देवी, तळ्याच्या जागेवर आता एक मेस, एक मंगल कार्यालय, टू-व्हीलरची पार्किंग आणि पाचमजली अपार्टमेंट, आणि अपार्टमेंटवाल्यानं बोअर मारताना ती जागी झाली. एवढ्यात तुमची अर्धी सीरिज बसते बघा. कुठली पेठ ते मात्र गोष्टीत स्पष्ट सांगू नका, नाहीतर तिथली माणसं कथेत आपलं घर शोधत बसतात आणि सापडलं की भांडायला येतात, सापडलं नाही तर जास्त भांडतात.

तिसरी: मानपानाची वही घाला

ही पायरी मुख्य. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, ही चुकली तर देवी विनोदी होणार नाही, नुसती मठ्ठ होईल.

टेंबलाईची गोष्ट घ्या, म्हणजे त्र्यंबोलीची. कोल्हासुराच्या मुलानं, कामाक्षानं, मंतरलेल्या दंडाच्या जोरावर सगळ्या देवांची बकरी करून टाकली असं सांगतात. देवांची बकरी! तुमच्या-माझ्या फँटसीत असलं काही सुचलं असतं का. त्र्यंबोलीनं युक्तीनं तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं, देवांना परत देव केलं. आणि मग विजयाचा सोहळा झाला तेव्हा हिलाच बोलवायचं राहिलं. ती गेली टेकडीवर रुसून. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली, आणि अजूनही दर नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातनं त्रिशूळानं कोहळा फुटतो आणि त्याचे तुकडे मिळवायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. एका विसरलेल्या आमंत्रणाची भरपाई अजून चालू आहे.

दुसरी गोष्ट घरोघरी सांगतात ती भृगू ऋषींची. त्यांनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, आणि विष्णू चिडायचं सोडून त्यांचेच पाय चेपत बसला. लक्ष्मीला हा अपमान सहन झाला नाही, ती वैकुंठ सोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, निघून आली. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो त्याचा संबंध लोक ह्या कथेशी लावतात. ही गोष्ट सांगताना आमच्याकडची म्हातारी माणसं गालात हसतात, पण हात जोडलेलेच असतात. तुमच्या वाचकाचं तोंड असंच झालं पाहिजे.

ह्यातनं घ्यायचं काय? दोन्ही ठिकाणी देवी मूर्ख नाही, दुबळी नाही. तिचा मान राहिला नाही एवढाच मुद्दा आहे, आणि तो मुद्दा बरोबरच आहे. कुठल्याही लग्नात मांडवाच्या टोकाला खुर्ची टाकून तोंड फिरवून बसलेली नवऱ्या मुलाची आत्या आठवा, तुमची देवी तीच, फक्त हिच्या हातात पाणी आहे.

आता एक वही घ्या, मोबाईलचं नोट्स अ‍ॅप चालेल पण वहीत जास्त सुचतं असं माझं मत आहे. त्यात देवीच्या बाजूनं लिहून काढा: तिला काय पाहिजे, कुणाकडनं पाहिजे, नाही मिळालं तर ती काय म्हणते, आणि शेवटी कशावर मिटवते. मागणी अवाढव्य आणि मिटवणी बारकी, हा हिशोब पक्का धरा. डबकाई मागते सोन्याचा कलश, मिटतं ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या एक ग्लास धारोष्ण दुधावर, आणि तिथंसुद्धा म्हशीवाला तिला म्हणतो रांगेत या.

तिच्या वहीतल्या आणखी काही नोंदी बघा. मंगल कार्यालयाच्या पाटीवर आपलं नाव नाही. अपार्टमेंटचं नाव ‘लेक व्ह्यू’ ठेवलंय, लेक गाडून. पेपरात राधानगरी धरणाचा दरवाजा उघडल्याची बातमी येते, दरवाजाची बातमी होते आणि देवीची होत नाही. आणि सगळ्यात मोठं दुखणं, आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन माणसं पी ढबाकच्या तालावर टेंबलाईला निघतात ती हिच्या दारावरनं जातात आणि हिला त्यातला थेंब मिळत नाही. ही शेवटची नोंद नीट बघा, विनोदी आहे, पण ऐकल्यावर पोटात जरा कसंतरी होतं. असली एक तरी नोंद वहीत पाहिजेच, पुढं कामाला येते.

चौथी: ताकद किती आणि हद्द कुठपर्यंत

रंकाळ्याजवळच्या नंदीची आख्यायिका आहे, रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय. नियम असा पाहिजे. लहान पोराच्या लक्षात राहतो, मोजता येतो, आणि ऐकल्या ऐकल्या माणूस नंदीकडं संशयानं बघायला लागतो.

तसा नियम तुमच्या देवीला द्या. डबकाईचा असा: जुन्या तळ्याच्या काठाच्या आत ती देवी, काठाच्या बाहेर पाऊल टाकलं की साधी बाई, ऊन लागतं, तहान लागते, रिक्षावाला मीटरनं यायला नाही म्हणतो. आत असताना रुसली की जमिनीतनं पाणी येतं, घोट्यापर्यंत, त्याच्यावर नाही. खूश झाली की पाचव्या मजल्यावरच्या नळाला मोटर न लावता पाणी. आणि प्रत्येक चमत्कारानंतर तिला एक कळशीभर पाणी प्यावं लागतं, ते मिळेपर्यंत पुढचा चमत्कार बंद.

काठ कुठनं कुठपर्यंत ह्याचा कागदावर नकाशा काढा. मेसचं स्वयंपाकघर आत आणि जेवायची खोली बाहेर, असं केलं की बघा कशी मजा येते, ती चटणीच्या डब्याशी उभी राहून शाप देणार आणि वाढायला बाहेर आली की गप्प.

पाचवी: समोर कोण उभं करायचं

विनोदी पात्र एकटं हसवत नाही, समोर एक कोरडा माणूस लागतो. बहुतेक जण इथं भक्त घालतात किंवा लबाड पुजारी. लबाड पुजारी आता शिळा झाला, सोडा त्याला. माझ्या मते समोर असा माणूस पाहिजे ज्याच्याकडं देवीच्याच खात्याची सत्ता आहे पण देवपण नाही.

डबकाईसमोर मी पाण्याचा चावीवाला उभा केला. महापालिकेचा, पहाटे येऊन गल्लीचा व्हॉल्व्ह सोडणारा. कोल्हापुरात पाणी कधी येणार, प्रेशर किती असणार ह्यावर माणसांचा अख्खा दिवस ठरतो, काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं तोपर्यंत तर किती वर्षं नुसत्या चर्चा चालल्या होत्या हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळं गल्लीतल्या बायका चावीवाल्याला चहा विचारतात, दिवाळीला फराळ देतात, आणि खरी जलदेवता समोर बसलीय तिच्याकडं कुणी बघत नाही. मानपानाची आग इथनं पेटते.

चावीवाल्याचा स्वभावही एका ओळीत: तो प्रत्येक चमत्काराला लिकेज समजतो.

सहावी: बोलणं

इथं नवीन लोक सगळ्यात जास्त घसरतात. देवीला एकतर पूर्ण पौराणिक नाटकातलं बोलायला लावतात, हे मूढ मानवा वगैरे, किंवा पूर्ण कोल्हापुरी, दर वाक्याला नाद खुळा आणि विषय हार्ड आणि जाळ अन् धूर संगटच. पहिलं दोन पानांत कंटाळा आणतं, दुसरं रील वाटतं. खरा कोल्हापूरकर दिवसभर काय नाद खुळा म्हणत फिरत नाही हो.

दोन्ही वापरा, पण कधी कुठलं ते ठरवून. देवी तोऱ्यात असली की पौराणिक बोलणार, चिडली की घसरून गल्लीतलं. आणि आपल्याकडं एक आयती सोय आहे, कोल्हापूरच्या पोरी, बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असं बोलतात, पुण्याची माणसं त्यावर हसतात. डबकाई शांत असताना ‘मी प्रसन्न झाले आहे’ म्हणेल, पण पारा चढला की ‘जातो मी, बसा तुम्ही’. वाचणाऱ्याला एका क्रियापदावरनं कळतं की आता पाणी येणार.

हाक मारायच्या पद्धतीवर पण लक्ष ठेवा. चावीवाला सुरुवातीला तिला बाई म्हणतो, मग काही भागांनी पोरी. ती त्याला मानवा म्हणते, मग एकदा तहान लागलेली असताना तोंडातनं मामा निघून जातं आणि दोघंही ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. ह्या हाका कधी बदलणार हे आधी वहीत लिहून ठेवा आणि घाई करू नका.

सातवी: पहिला सीन लिहून बघा

पहिल्या सीनमध्ये देवीचा इतिहास सांगत बसायचं नाही. तिला एका अशा जागेवर बसवा जिथनं तिनं उठलं पाहिजे असं दुसऱ्या कुणालातरी वाटतंय. बस. नमुना देतो:

पहाटेचे साडेपाच. व्हॉल्व्हच्या चेंबरच्या झाकणावर एक बाई मांडी घालून बसलेली, अंगावर हिरवं लुगडं, काठ ओले.

“बाई, झाकणावरनं उठा. पाणी सोडायचंय.”

“मानवा, ह्या जलाची स्वामिनी तुझ्यासमोर प्रकट झाली आहे.”

“बरं झालं. उठा.”

“तुला दर्शन झाले. आता वर माग.”

“उठा म्हटलं की. तेच मागालोय मघापासनं.”

ती उठली नाही. वरच्या गॅलरीतनं एक बाई ओरडली, “मामा, आलं का पाणी?”

“आलं नाही अजून वहिनी, झाकणावर एक बाई बसलीया.”

“कोण हाय?”

“स्वामिनी हाय म्हणं.”

“मग तिला म्हणावं आमच्याकडं दोन दिस प्रेशर नाही, तेवढं बघ.”

स्वामिनीचा चेहरा उजळला. पहिली प्रार्थना! किती वर्षांनी! तिनं डोळे मिटले, हात वर केला.

“ते तिला काय कळतंय,” चावीवाला वर बघून म्हणाला, “मी सोडतो की जास्त.”

“सोडा मामा सोडा, तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला!”

हात वर तसाच राहिला.

“मला नाही कळत?” ती म्हणाली. “मला? ह्या गल्लीत? बरं. रुसलो मी.”

आणि चेंबरच्या कडेनं पाणी वर यायला लागलं. चावीवाल्यानं घोट्यापर्यंत भिजलेल्या पॅन्टकडं बघितलं, खिशातनं डायरी काढली, पेन थुंकीनं ओलं केलं आणि लिहिलं: लिकेज, मेन लाईन.

एवढंच. आता ह्यात काय काय झालं ते बघा. तिची ताकद खरी आहे हे वाचणाऱ्याला दिसलं, कथेतल्या कुणालाच दिसलं नाही. हसू प्रार्थनेवर आलं नाही, देवीच्या अंगावर किंवा लुगड्यावर आलं नाही, प्रार्थना तिच्या हातनं काढून चावीवाल्याला दिली गेली तिथं आलं. आणि ती चिडली ते आपल्याला पटलं, कारण आपणही ऑफिसात असंच चिडतो, काम आपण करायचं आणि नाव दुसऱ्याचं. तुमचा सीन लिहून झाला की शेजारी लिहा, इथं तिचा मान नेमका कोणत्या ओळीला गेला. ओळ दाखवता आली नाही तर सीन परत लिहा.

अजून एक, वर मागायला लावणं ही विनोदाची खाण आहे, आणि आपल्याकडं हे काय नवीन नाही. एकनाथांच्या एका भारुडात सून भवानीआईला नवस बोलते, सासरच्या एकेकाची वाट लाव म्हणून, आणि माणसं शेकडो वर्षं ते टाळ्या वाजवत ऐकतात. हसू येतं ते मागणाऱ्यावर. तेव्हा देवीची फजिती आणि भक्तांच्या मागण्या असं आलटून पालटून ठेवा, दर वेळी तिलाच पाडू नका.

आठवी: गण आधी, गौळण नंतर

तमाशात काय करतात? आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन, त्यात चेष्टा नाही. मग गौळण, तिथं मावशी आणि सोंगाड्या मिळून साक्षात कृष्णाची टर उडवतात आणि पहिल्या रांगेतला माळकरी म्हाताराच सगळ्यात जोरात हसतो. हा क्रम सोडू नका. तुमच्या कथेतही सुरुवातीला कुठंतरी चार ओळीत देवीचं देवपण सरळ चेहऱ्यानं दाखवा, तळं भरलेलं होतं तेव्हा काठावर काय होतं, पाणी प्यायला कोण यायचं. मग खुशाल टर उडवा.

काही जागा मात्र मी स्वतः टाळतो. अंगात येण्याची टर उडवत नाही, कारण त्यामागं बऱ्याचदा एखाद्या बाईचं खरं दुखणं असतं. देवाला सोडलेल्या पोरी, जोगतिणी हा आपल्या भागातला विषय विनोदाचा नाही, विषय संपला. देवीचं शरीर, कपडे ह्यावर जोक नको, एकतर तो आळस आहे आणि दुसरं म्हणजे अ‍ॅनिमेतनं नेमकं तेच उचललं जातं. भक्ताची जात काढून हसवणं नको. आणि तिला बावळट करू नका, ती हुशार आहे, फक्त तिचा काळ गेलाय आणि ते तिला मान्य नाही.

नववी: एक भाग बिनविनोदाचा

पंचवीस-तीस भागांची मालिका असेल तर मधे कुठंतरी देवीनं खरोखरची देवी व्हायला पाहिजे, एकदाच. कोल्हापुरात पाण्याच्या देवीची गोष्ट म्हटली की वाचणाऱ्याच्या डोक्यात महापूर येणारच, 2019 आणि 2021 विसरणं शक्य नाही. पावसाळ्यात इथं प्रत्येकजण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. ह्यावर विनोद करायचा नाही. ज्यांच्या घरात पाणी गेलंय ती माणसं तुमचे वाचक आहेत.

पण तो भाग लिहायचाच असेल तर देवीकडनं पूर थांबवून घेऊ नका, ते खोटं वाटेल आणि ज्यांचं खरंच बुडालं त्यांना लागेल. तिला तिच्या हद्दीतलं काम द्या. डबकाईला पाण्याचा रस्ता माहिती आहे, कुठल्या गल्लीत आधी शिरणार, कुठल्या घरात मागच्या मोरीतनं येणार. ती रात्री चावीवाल्याला उठवते आणि सरळ सांगते, कुठली घरं आधी रिकामी करायची. पौराणिक भाषा नाही, रुसवा नाही. आणि तो पहिल्यांदाच डायरी काढत नाही. जाताना फक्त “येतो आई” म्हणतो. हाकेचा तिसरा टप्पा इथं वापरायचा, म्हणून वर म्हटलं घाई नको. आषाढातल्या नव्या पाण्याची ती नोंदसुद्धा इथनं पुढच्या भागात वसूल करता येते, कशी ते तुम्ही ठरवा.

पुढच्या भागात ती परत पहिल्यासारखी. गल्ली वाचवली आणि सत्कार चावीवाल्याचा झाला, शाल-नारळ त्याला, मग काय सोडतीय व्हय.

दहावी: ऑनलाइन टाकायच्या आधी

पहिला भाग 1500 शब्दांच्या पुढं नेऊ नका, मोबाईलवर वाचणारा बसमध्ये असतो. मोठ्यानं वाचून बघा, कोल्हापुरी वाक्य डोळ्याला बरोबर वाटतं आणि तोंडात अडकतं असं फार होतं. वाचायला घरात दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारी कुणीतरी असेलच, आई, आजी, मावशी, तिला ऐकवा. ती हसली तर ठीक, हसता हसता “असं लिहू नये बाबा” म्हणाली तरी ठीक, पण ती नुसती गप्प बसली तर तिला विचारा कुठल्या ओळीला, आणि ती ओळ काढा, तिच्याशी वाद घालू नका.

नाव ठेवताना ‘देवी’, ‘दिव्य’, ‘शक्ती’ असले शब्द टाळा, वाचणारा भक्तिकथा समजून येतो आणि फसवल्यासारखं वाटून जातो. चित्र लावणार असाल तर कुठल्याही देवळातल्या मूर्तीचा फोटो नको, एखाद्या चेंबरच्या झाकणाचा लावा, चालतंय.

आणि प्रत्येक भाग संपवताना वही उघडून बघा की तिची एखादी मागणी बाकी आहे का. नसेल तर मंगल कार्यालयाच्या पाटीचं प्रकरण अजून आहेच, रंगारी उद्या येणार म्हणालाय आणि तिला अक्षरं सोनेरीच पाहिजेत.